जलरंगाचा डेमो बघायचा कसा: नजर चित्रावर कमी, पाण्यावर जास्त

जलरंगाचा डेमो सुरू असतो तेव्हा जवळपास सगळ्यांची नजर कागदावर खिळलेली असते. कोऱ्या कागदावर आभाळ उतरतं, इमारती उभ्या राहतात, शेवटी दोन काळ्या रेषांत माणसं चालायला लागतात. दीड तास कसा गेला ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी घरी तेच रंग, तोच ब्रश घेऊन बसलं की मात्र आभाळाला डाग पडतात आणि इमारती चिखलासारख्या होतात. बघताना राहून गेलेलं असतं ते पाणी. चित्रकाराने ब्रश धुतल्यावर डब्याच्या काठाला किती वेळा निथळला, फडक्याला टेकवला की नाही, कागदाची चकाकी जाईपर्यंत थांबला की चकाकी असतानाच रंग सोडला, हे सगळं दोन-तीन सेकंदांत होऊन जातं. चित्राचा निकाल तिथेच लागतो. डेमोला जायचं ते हे दोन-तीन सेकंद पकडायला.

जाण्याआधी

मुंबईत डेमो बघायच्या जागा पुष्कळ आहेत. १८८८ साली सुरू झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या जुन्या संस्था आहेत. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवात कार्यशाळा होतात. उपनगरांतली कला केंद्रं, वाचनालयांचे हॉल, सांस्कृतिक मंडळं इथेही रविवारी सकाळी किंवा शनिवारी संध्याकाळी डेमो ठेवलेले असतात. पर्याय असेल तर लहान केंद्र निवडा. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत पॅलेट दिसतं. मोठ्या सभागृहात कितीही नावाजलेला चित्रकार असला तरी तुम्हाला पडद्यावरचं चित्रच दिसणार.

सोबत फार काही न्यायचं नाही. ए-फाइव्ह आकाराची वही, पेन, एक टूबी पेन्सिल, सेकंद दिसणारं घड्याळ आणि जलरंगाच्या कागदाच्या दोन बोटं रुंद तीन-चार पट्ट्या. ड्रॉइंग बोर्ड नको. हाफ इम्पीरियल म्हणजे १५ बाय २२ इंचाचा बोर्ड सहाच्या लोकलमध्ये सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं, आणि डेमो बघताना शेजारी रंगवत बसलं की धड बघणंही होत नाही, धड रंगवणंही. काही केंद्रांत पहिला तास डेमो आणि नंतर सराव असा क्रम असतो. तिथे क्वार्टर म्हणजे ११ बाय १५ इंचाचा कागद आणि तेवढाच पुठ्ठा पिशवीत मावतो.

वहीच्या पानावर घरूनच चार रकाने आखून जा: वेळ, कागद किती ओला, ब्रशमध्ये काय, काय केलं. चौथा रकाना सगळेच लिहितात. पहिले तीन भरले नाहीत तर चौथ्याचा घरी काही उपयोग होत नाही.

कुठे बसायचं

चित्रकार उजव्या हाताने काम करणारा असेल तर पॅलेट आणि पाण्याचे डबे बहुतेक वेळा त्याच्या उजवीकडे असतात. मग तुम्हीही त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे, थोडं तिरकं बसा. हाताआड कागदाचा काही भाग जाईल, पण कागद पडद्यावर किंवा वरच्या आरशात दिसतोच. पॅलेट मात्र तिथे क्वचितच दिसतं. डावखुऱ्या चित्रकारासाठी जागा उलट करा.

दुसरी गोष्ट उजेडाची. ओल्या कागदाची चकाकी समोरून दिसत नाही. खिडकी किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कागदात दिसेल अशा तिरक्या कोनातूनच ती दिसते. वर लावलेल्या कॅमेऱ्यात तर ती जवळजवळ हरवतेच, म्हणून नुसत्या पडद्यावर भरवसा ठेवू नका. खुर्चीवर बसल्यावर मान थोडी डावी-उजवीकडे करून कागदावर उजेड कुठून चमकतो ते बघा आणि त्याप्रमाणे जागा बदला. यासाठी वीस मिनिटं आधी पोचलेलं बरं.

ब्रश उचलण्याआधीची पंधरा मिनिटं

ही पंधरा मिनिटं लोक गप्पांत घालवतात, आणि ते नुकसान आहे. कागद कोणता आहे ते विचारून लिहून घ्या. बहुतेक डेमो ३०० जीएसएमच्या (म्हणजे चांगल्या जाड), शंभर टक्के कापसाच्या, कोल्ड प्रेस म्हणजे थोड्या खरबरीत पोताच्या कागदावर होतात. घरी तुम्ही शाळेच्या ड्रॉइंगच्या कागदावर तेच करायला गेलात तर होणार नाही. यात तुमचा दोष नाही. त्या कागदाला पाणी धरून ठेवता येत नाही, वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, काही क्षणांत आत शोषला जातो आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की कागदाचे लगदे निघतात. महागडा कागद परवडत नसेल तर एका इम्पीरियल शीटचे आठ तुकडे करा. रंगांत आणि ब्रशमध्ये बचत करा, कागदात नको.

बोर्डाखाली काय ठेवलंय ते बघा. रंगाचा डबा, जाड पुस्तक किंवा लाकडी ठोकळा असतो, आणि बोर्ड दहा-पंधरा अंश कललेला असतो. सपाट टेबलावर वॉश जिथल्या तिथे डबक्यासारखा साचतो. कल असला की तो हळूहळू खाली सरकत एकसारखा पसरतो.

पाण्याचे डबे दोन असतात: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातून स्वच्छ पाणी घ्यायचं. मध्ये घडी केलेलं सुती फडकं. हे फडकंच ब्रशमधलं पाणी मोजतं. पॅलेटवर रंग ताजा पिळलाय की सुकलेल्या वड्यांवर पाणी मारलंय, हेही टिपा. ट्यूबमधून ताजा, मटाराच्या दाण्याएवढा पिळलेला रंग क्षणात दाट घेता येतो. सुकलेल्या वडीवरून तेवढा दाट रंग काढायला ब्रश बराच वेळ घासावा लागतो, आणि तोवर कागद सुकून गेलेला असतो.

रेखाटन होताना रेषा मोजू नका. कागदावर कोणती जागा कोरी राहणार आहे हे चित्रकार इथेच ठरवतो, तेवढं शोधा. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत पोस्टर कलरची सवय लागते: उजळ हवं तर पांढरा मिसळा, चुकलं तर वरून झाका. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. एकदा झाकला की तसाच्या तसा परत मिळत नाही. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. हातातल्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडलेली ती स्त्री जलरंगातली आहे. त्या चित्राची नुसती छपाई जरी समोर धरली तरी पारदर्शक रंगाला भोवतालच्या अंधारातून किती उजेड उभा करता येतो ते कळतं.

कागदाचं ओलेपण आणि रंगाचा दाटपणा

लेखातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. इथे घाई करू नका.

ओला केलेला कागद चार अवस्थांतून जातो. पहिल्या अवस्थेत पाणी वर तरंगतं, उजेड आरशासारखा परततो. दुसरीत पाणी आत मुरलेलं असतं, पण रेशमी कापडासारखी मंद चकाकी राहते. तिसरीत चकाकी गेलेली असते आणि कागद कोरडा दिसतो, पण हाताची पालथी बाजू जवळ नेली की गार लागतो. चौथ्या अवस्थेत तो खरोखर कोरडा असतो, हाताला गार लागत नाही.

रंगाचे दाटपणही चार धरा. पातळ ताकासारखा: पॅलेट तिरपं केलं की धावतो. दुधासारखा: सरकतो, पण मागे पातळ थर ठेवतो. बासुंदीसारखा: सावकाश सरकतो, ब्रशची खूण क्षणभर राहते. श्रीखंडासारखा: सरकतच नाही.

नियम एकच आहे: ओल्या कागदावर नंतर जाणारा रंग आधीच्या रंगापेक्षा दाट हवा. पहिल्या अवस्थेत दुधासारखा रंग सोडला तर तो पसरून विरघळतो, आभाळासाठी उत्तम. दुसऱ्या अवस्थेत बासुंदीसारखा रंग सोडला तर आकार राहतो आणि कड मऊ होते. लांबची झाडं, धुक्यातल्या इमारती, ढगांची खालची बाजू, सगळं इथलं. तिसरी अवस्था धोक्याची. अनुभवी चित्रकार तिथे एक तर हात लावत नाही, नाहीतर श्रीखंडासारखा, जवळजवळ कोरडा रंग लावतो. या अवस्थेत ताकासारखा रंग किंवा नुसतं पाणी पडलं की फुलकोबी उमलते: नवं पाणी अर्धवट सुकलेल्या भागात घुसतं, रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि दातेरी कडेवर सोडतं. चौथ्या अवस्थेत कोणताही दाटपणा चालतो, पण कड धारदार येते.

डेमोमध्ये चित्रकार गप्प बसून कागदाकडे बघत राहतो ना, ती वेळ घड्याळात मोजा. तिथे तो दुसऱ्या अवस्थेची वाट बघत असतो. एक मिनिट चाळीस सेकंद थांबला असेल तर वहीत तसंच लिहा, आणि शेजारी पंखा चालू होता की एसी हेही लिहा. जुलैत हवा दमट असताना, पंखा बंद असलेल्या खोलीत तोच वॉश डिसेंबरच्या कोरड्या सकाळपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ ओला राहू शकतो. म्हणून मिनिटांपेक्षा चकाकी पाठ करा. मिनिटं फक्त अंदाजासाठी.

नेलेल्या पट्टीचा उपयोग इथेच. चित्रकार कागद ओला करतो त्याच वेळी तुमची पट्टीही बाटलीतल्या पाण्याने ओली करून वहीवर ठेवा. त्या खोलीत, त्या हवेत कागद कसा सुकतो ते तुमच्या नाकासमोर दिसत राहील.

एक वॉश, जवळून

सपाट वॉश पंचवीस सेकंदांत उरकतो आणि बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण नीट बघा. चित्रकार आधी वाटीत भरपूर रंग कालवतो. क्वार्टर शीटला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ मिली पाणी आणि मटाराच्या दाण्याएवढा रंग. थोडा उरेल, उरू द्या. मध्येच संपला तर पुन्हा तोच रंग कालवेपर्यंत कड सुकते आणि पट्टा उठतो.

ब्रश भरून डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढली की ओळीच्या खालच्या कडेला रंगाचा एक जाड थेंब आडवा लोंबत राहतो. पावसात खिडकीच्या गजाखाली पाणी लोंबतं तसा. पुढची ओळ त्या थेंबाला टेकवूनच ओढायची, ब्रश पुन्हा वर न्यायचा नाही. थेंब ओळीओळीने खाली उतरत जातो आणि शेवटी कागदाच्या तळाशी येतो. आता चित्रकार ब्रश धुतो, फडक्यावर दाबून कोरडा करतो आणि टोक त्या थेंबाला लावतो. ब्रश थेंब पिऊन टाकतो. हे विसरलं तर थेंब तिथेच साचतो, वरचा भाग सुकला की उलटा चढतो आणि तळाशी फुलकोबी उठते. घरी केलेल्या वॉशमध्ये खालच्या कडेला डाग असेल तर कारण बहुतेक हेच.

पावसातला रस्ता: डेमोच्या टप्प्यांत काय टिपायचं

मुंबईतल्या डेमोंत हा विषय सारखा येतो: ओला रस्ता, बेस्टची लाल बस, छत्र्या. एकाच चित्रात सगळी तंत्रं येतात, म्हणून त्याच्याच आधाराने बघू.

सुरुवातीला चित्रकार दीड इंची सपाट ब्रशने जवळजवळ पूर्ण कागद स्वच्छ पाण्याने ओला करतो. ‘जवळजवळ’ हा शब्द वहीत अधोरेखित करा. बसच्या टपाची एक पट्टी, दोन-तीन छत्र्यांचे माथे आणि रस्त्यावरचे काही चमकते तुकडे तो कोरडे ठेवतो. पाणी एकदा नाही, दोनदा फिरवतो, कारण पहिलं पाणी कागद पितो.

मग क्षितिजाजवळ रॉ सिएना हा पिवळसर मातकट रंग दुधासारखा, वरून अल्ट्रामरीन निळा आणि तपकिरी बर्न्ट सिएना यांचा करडा. हा करडा पॅलेटवर पूर्ण एकजीव केलेला नसतो. ब्रशच्या एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला तपकिरी राहतो, आणि मिश्रण कागदावर होतं. एकजीव करून लावलेला करडा सिमेंटसारखा दिसतो, तर असा अर्धवट मिसळलेला पावसाळी आभाळासारखा. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कोल्ड प्रेस कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वॉश सुकल्यावर दाणेदार पोत येतो. कागद जास्त वेळ ओला राहिला तर हा पोत आणखी खुलतो. आपल्या दमट हवेचा हा एक फायदा.

आभाळाचा वॉश न थांबता रस्त्यापर्यंत खाली येतो. ओला रस्ता आभाळाचंच प्रतिबिंब असतो, म्हणून दोघांचा रंग एक. इथे थांबून वेगळा रस्ता रंगवला की चित्र दोन तुकड्यांत फुटतं.

चकाकी मंद झाली की मागच्या इमारती. करड्यात थोडा निळा जास्त, दाटपणा बासुंदीचा. ब्रश पाण्यातून काढल्यावर फडक्याला टेकवला का, ते बघाच. जवळजवळ नेहमी टेकवतात. रंग दाट असूनही ब्रशच्या मुळाशी पाणी साठलेलं असतं, ते उतरलं तर फुलकोबी ठरलेली.

यानंतर कागद पूर्ण सुकेपर्यंत थांबतात किंवा ड्रायर लावतात. ड्रायर कधी सुरू केला ते टिपा. कागद चकाकत असताना गरम झोत मारला तर रंग ढकलला जातो आणि वर्तुळं उठतात, म्हणून चकाकी गेल्यावर, हातभर अंतरावरून, सतत हलवत. पांढरी जागा राखायला मास्किंग फ्लुइड (सुकल्यावर रबरासारखं सोलून काढायचं द्रव) लावलं असेल तर ड्रायर नकोच. गरम झाल्यावर ते कागदाला चिकटून बसतं आणि सोलताना कागद घेऊनच निघतं.

बस कोरड्या कागदावर येते, एका दमात. कॅडमियम रेडचा आकार ओला असतानाच सावलीच्या बाजूला गडद लाल टेकवतात, आणि टेकवल्यावर ब्रश फिरवत नाहीत. रंग आपोआप मिसळू देतात. ओल्या रंगात दुसरा रंग सोडणं आणि तो ब्रशने कालवणं यातला फरक डेमोत जितका स्पष्ट दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही. बसची खालची कड ओली असतानाच ओलसर, बिनरंगी ब्रशने ती उभी खाली ओढतात, आणि प्रतिबिंब तयार. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं फिकं ठेवतात आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. हे बघून वहीत बाण काढा.

शेवटी माणसं, चाकं, खांब, विजेच्या तारा. रिगर नावाच्या लांब केसांच्या ब्रशने तारा ओढताना मनगट नाही, पूर्ण हात हलतो. रस्त्यावर ड्राय ब्रश: ब्रश फडक्यावर पिळून, आडवा धरून, कागदावरून वेगाने. रंग उंचवट्यांना लागतो, खळगे कोरे राहतात आणि पाणी चमकल्याचा भास होतो. वेग कमी झाला तर नुसता पट्टा उमटतो.

एक कबूल करायला हवं: शेवटची पंधरा मिनिटं बघायला सगळ्यात मोहक असतात आणि शिकायला सगळ्यात कमी. तारा-माणसं सरावाने जमतात. पहिल्या अर्ध्या तासातलं आभाळ बिघडलं तर मात्र तारांनी सावरत नाही.

प्रश्न आणि फोटो

वॉश चालू असताना प्रश्न विचारू नका. चित्रकाराला उत्तर द्यायला मान वर करावी लागते, आणि तेवढ्यात दुसरी अवस्था निघून जाते. कागद सुकत असताना विचारा. ‘सर, हा निळा कुठला?’ हा प्रश्न चालेल, पण ‘मॅडम, इमारती लावताना कागद कितपत ओला होता? ब्रश किती कोरडा केलात?’ याचं उत्तर जास्त कामाचं. रंगांच्या नावाबरोबर ट्यूबवरचा पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, क्रमांकही विचारा. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्या वेगळे पिगमेंट भरतात. शिवाय अलिझरिन क्रिमसनच्या ट्यूबवर पीआर ८३ लिहिलेलं असेल तर तो उजेडात फिका पडतो. भिंतीवर लागणाऱ्या चित्रासाठी क्विनाक्रिडोन, म्हणजे पीव्ही १९ चा गुलाबी-लाल घेतलेला बरा.

फोटोची परवानगी सुरुवातीलाच घ्या. फ्लॅश बंद. एकाच जागेवरून दर दहा मिनिटांनी एक फोटो, आणि शक्य असेल तर प्रत्येक वेळी पॅलेटचाही एक. पूर्ण व्हिडिओ काढू नका. तो नंतर बघितला जात नाही, आणि हातात फोन असला की डोळे फोनमध्येच राहतात. डेमोचं चित्र घरी सरावासाठी जसंच्या तसं करायला हरकत नाही, पण ते स्वतःचं म्हणून प्रदर्शनात किंवा समाजमाध्यमावर टाकू नये.

दुसऱ्या दिवशी घरी

चोवीस तासांच्या आत बसा, आणि पूर्ण चित्र करू नका. एका क्वार्टर शीटचे टेपने चार भाग करा.

पहिल्या भागात सपाट वॉश, थेंब पिण्यासह. दुसऱ्यात वरून गडद, खाली फिका: प्रत्येक ओळीला ब्रशमध्ये थोडं पाणी वाढवत. तिसरा भाग खरा. तो पूर्ण ओला करा, त्यावर दुधासारखा निळा वॉश द्या आणि घड्याळ लावा. दर मिनिटाला बासुंदीसारख्या बर्न्ट सिएनाचा एक ठिपका द्या, डावीकडून उजवीकडे, खाली पेन्सिलने मिनिट लिहीत. कागद कोरडा होईपर्यंत चालू ठेवा. पहिला ठिपका विरून गेलेला असेल, मधले मऊ कडेचे, शेवटचे धारदार. तुमच्या खोलीतला, तुमच्या पंख्याखालचा, या महिन्यातला तक्ता तयार झाला. जूनमध्ये, ऑक्टोबरात आणि जानेवारीत तो पुन्हा करा, तीनही वेगळे येतील. चौथ्या भागात डेमोतला एकच तुकडा: नुसती बस आणि तिचं प्रतिबिंब.

बिघडलं तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. रंग मळकट झाला असेल तर बहुधा तीनपेक्षा जास्त रंग मिसळले गेले आहेत, डब्यातलं पाणी काळं झालंय, किंवा खालचा थर अर्धवट ओला असताना वर दुसरा घासला गेलाय. चित्र सुकल्यावर फिकं दिसत असेल तर ते स्वाभाविक आहे. जलरंग सुकताना उतरतो, म्हणून ओला असताना हवा त्यापेक्षा एक पायरी गडद लावायचा. डेमोत ओलं आभाळ भडक वाटलं होतं आणि शेवटी बरोबर दिसलं, ते यामुळेच. सुकलेला रंग ओल्या ब्रशने उचलताना निघत नसेल तर तो मुरणारा आहे. थॅलो ब्लू कागदात घट्ट बसतो, अल्ट्रामरीन त्या मानाने सहज उचलता येतो. मिठाचा प्रयोग बघून आला असाल तर चकाकी जायच्या बेतात असताना थोडंसं खडे मीठ टाका आणि पूर्ण सुकल्यावर एकही कण न ठेवता झटकून काढा. राहिलेलं मीठ आपल्या हवेतली ओल ओढत राहतं आणि तो भाग पावसाळ्यात पुन्हा दमट होतो.

पावसाळ्यातला कागद

सगळं बरोबर करूनही एखाद्या वॉशमध्ये गडद ठिपके उठतात, टीपकागदावर शाई पडावी तसे. कागदाची साइझिंग गेल्याची ही खूण. चांगल्या जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचा लेप असतो, त्याच्यामुळेच पाणी वर राहतं. महिनोन्महिने दमट हवेत राहिलेल्या कागदावर बुरशी हा लेप खाते. डोळ्यांना कागद कोरा, स्वच्छ दिसतो. पाणी लावल्यावरच कळतं.

म्हणून जूनआधी शीट्स जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसह, टेपने बंद करून ठेवा. कपाटात आडव्या, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला. पॅलेटवरच्या ओल्या वड्या झाकण लावून बंद करू नका. पंख्याखाली कोरड्या होऊ द्या, मगच मिटा, नाहीतर दोन-चार दिवसांत पांढरी बुरशी दिसते. ब्रश धुतल्यावर टोक जमवून आडवे सुकवा. ओले उभे ठेवले तर पाणी केस धरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या आत उतरतं आणि लाकूड फुगून केस सैल होतात.

शंका असलेली शीट वापरण्याआधी कोपऱ्यावर दुधासारख्या रंगाचा एक बोटभर पट्टा ओढा आणि अर्धं मिनिट बघा. पट्टा वर चकाकत राहिला तर कागद जिवंत आहे. लगेच मॅट होऊन ठिपके उठले तर ती शीट जलरंगाला नको, पेन्सिल आणि चारकोलच्या सरावाला ठेवा.